उष्माघात, बांधकाम कामगारांना होणारा
उष्ण हवेत कष्टाचे काम करताना शरीरातील उष्णता बाहेर टाकण्याची यंत्रणा कोलमडून उद्भवणारी जीवघेणी अवस्था. चंद्रपूर जिल्ह्यातील ब्रह्मपुरी हे विदर्भातील अतिउष्ण ठिकाणांपैकी एक असून मे महिन्यात तेथील पारा 45 अंश सेल्सिअसच्या पुढे जातो. हवामान केंद्रात मोजले जाते ते सावलीतील तापमान. स्लॅबवर सळया बांधणाऱ्याला थेट ऊन, तापलेले लोखंड आणि श्रमातून निर्माण होणारी उष्णताही सोसावी लागते.

लक्षणे : आधी पायात गोळे, चक्कर, मळमळ. पुढे शरीराचे तापमान 40 अंशांवर जाऊन असंबद्ध बोलणे, झटके, बेशुद्धी. घाम चालू असला तरी उष्माघात असू शकतो.

प्रतिबंध : जड कामे सकाळी उरकावीत. दर 15–20 मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावे. नवख्याला पहिल्या दिवशी उन्हात नेहमीच्या एक-पंचमांशच काम द्यावे व ते रोज थोडे वाढवावे. खिशातल्या कांद्याने उष्माघात टळत नाही.

प्रथमोपचार : 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. तोवर रुग्णाला सावलीत नेऊन, कपडे सैल करून अंगावर भरपूर पाणी ओतावे व वारा घालावा. बेशुद्धाला पाणी पाजू नये.

कल्याणकारी तरतूद : बांधकाम कामगारांसाठी 1996 मध्ये केंद्रीय कायदा झाला, तर 2011 मध्ये महाराष्ट्रात कल्याणकारी मंडळ स्थापन झाले. नोंदणीसाठी वय 18 ते 60 आणि मागील वर्षात किमान 90 दिवस काम ही अट आहे.