कुदळ-फावड्यांचें मिशन



'मिशन' हा शब्द कानीं पडतांच महाराष्ट्रीय माणसाच्या डोळ्यांसमोर मिरजेचें डॉ. वानलेस यांचें इस्पितळ, एखादी शाळा आणि तिच्या शेजारचें प्रार्थनामंदिर उभें राहतें. मागोमाग मनांत शंकाही येते, कीं या उपकाराची फेड शेवटीं धर्मांतरानें तर करावी लागणार नाहीं ना? ही शंका अगदींच निराधार होती असें म्हणवत नाहीं. परंतु ख्रिस्ती श्रद्धेंतूनच निघालेली, आणि तरीही कोणाचा धर्म न विचारतां परदेशीं जाऊन घरें बांधणारी, अशीही एक परंपरा आहे. व्हर्दंच्या रणभूमीपासून बिहारच्या खेड्यांपर्यंत आलेला तिचा इतिहास आज आपणांस सांगावयाचा आहे.

या परंपरेचा प्रवर्तक पिएर सेरेसोल याचा जन्म १८७९ सालीं स्वित्झर्लंडांतील लोझान येथें झाला. वडील १८७३ सालीं त्या देशाचे राष्ट्राध्यक्ष होते. मुलगा गणिती व इंजिनीयर झाला. पहिल्या महायुद्धाच्या काळांत लष्करी कर भरण्याचें नाकारून त्यानें तुरुंगवास पत्करला. युद्ध संपल्यावर हॉलंडांतील बिल्टहोव्हेन येथें शांततावादी ख्रिस्ती मंडळी जमूं लागली. १९२० च्या बैठकींत भाषणें व ठराव चालले असतां एक जर्मन गृहस्थ उठला. आपला भाऊ सैनिक म्हणून फ्रान्सच्या विध्वंसांत सामील होता, आतां आपल्याला तेथें बांधणीसाठीं जावयाचें आहे, अशा आशयाचें तो बोलला. सेरेसोलनें ती गोष्ट मनावर घेतली.

त्याच वर्षीं नोव्हेंबरांत व्हर्दंजवळच्या एन नांवाच्या उद्ध्वस्त खेड्यांत स्वयंसेवकांची एक लहानशी तुकडी उतरली. जर्मन माणसेंही तींत होतीं. तोफगोळ्यांचे खड्डे बुजवावे, रस्ते मोकळे करावे, निवाऱ्यासाठीं लांकडी खोपटीं उभारावीं, असें तें काम होतें. परंतु जर्मनांच्या उपस्थितीस स्थानिक विरोध झाला, आणि सुमारें पांच महिन्यांत सर्वांना तेथून निघावें लागलें. ज्या भूमीनें युद्धाचा इतका मार सोसला, तेथील लोकांना कालच्या शत्रूच्या हातची भिंत नको वाटली, तर त्यांना दोष कोणीं द्यावा? देणाऱ्याचें मन शुद्ध असलें म्हणजे दान पूर्ण होतें, असें नाहीं. घेणाऱ्याचेंही मन असतें, आणि तें आधीं विचारावें लागतें.

पुढें १९२७ मध्यें ऱ्हाईन नदीच्या पुरानें लिक्टेनस्टाईन या चिमुकल्या संस्थानाचीं शेतें दगडगोट्यांनीं भरून गेलीं. दुसऱ्या वर्षीं निरनिराळ्या देशांच्या सातशेंहून अधिक स्त्रीपुरुषांनीं तीं साफ केलीं. येथें हेंच आंतरराष्ट्रीय सेवाकार्य भरभराटीस आलें.

१५ जानेवारी १९३४ रोजीं दुपारीं बिहार हादरला. बिहार व नेपाळ मिळून दहा हजारांहून अधिक माणसें मेलीं. जमिनीला भेगा पडून आंतील वाळू व पाणी वर आलें. पिकाऊ शेतें वाळूखालीं गेलीं. हा अस्पृश्यतेच्या पापाचा दंड आहे असें गांधीजींनीं म्हटलें, व रवीन्द्रनाथांनीं त्याचा जाहीर प्रतिवाद केला. तो वाद इतिहासांत गाजला. सेरेसोलचें काम मात्र फारसें कोणास ठाऊक नाहीं.

गांधीजींची व त्याची भेट १९३१ च्या डिसेंबरांत स्वित्झर्लंडांतच झाली होती. भूकंपानंतर तो प्रथम एकटाच आला. त्यानें मुलूख पाहिला, आणि एकीकडे सरकारी अधिकारी व दुसरीकडे राजेन्द्रप्रसादांची मदत-समिती, अशा दोन्ही पक्षांना तो भेटला. मगच मोजके सोबती घेऊन तो परत आला. मुझफ्फरपूरच्या बाजूस पुराच्या तडाख्यांत सांपडणारीं खेडीं उंच जागीं वसविण्याचें काम त्यांनीं हातीं घेतलें. त्यांतल्या एका नव्या गांवाचें नांव शांतिपूर. हें काम १९३७ पर्यंत चाललें.

हिशेबी माणूस येथें विचारील, कीं बिहारांत मजुरांचा काय दुष्काळ होता? चार युरोपियनांच्या आगबोटीच्या भाड्यांत आणखी कांहीं झोपड्या उभ्या राहिल्या नसत्या काय? राहिल्या असत्या. हा आक्षेप खोटा नाहीं, आणि परदेशीं बांधकामास जाणाऱ्या प्रत्येक हौशी स्वयंसेवकानें तो स्वतःस विचारावा. परंतु ज्या देशांत गोरा माणूस हुकूम सोडी आणि आपलाही सुशिक्षित माणूस मातीला हात लावण्यास लाजे, त्या देशांत राष्ट्राध्यक्षाच्या मुलानें गांवकऱ्यांच्या बरोबरीनें कामास यावें, याचें मोल झोपड्यांच्या संख्येनें कसें करणार?

सेरेसोल १९४५ सालीं वारला. त्याची संस्था आजही अनेक देशांत काम करते. शब्द नकोत, कृति हवी, हें तिचें ब्रीद. त्याला एन व बिहार या दोन गांवठाणांचा अनुभव जोडून एवढेंच म्हणावेंसें वाटतें, कीं कुदळ उचलण्यापूर्वीं, जेथें ती मारावयाची त्या घरच्या माणसाला एक शब्द मात्र अवश्य विचारावा.