पेशवाईच्या नाटकात आपला माणूस कुठे?

भूगावच्या आपल्या विहाराची स्मरणिका निघते आहे, तर तुम्हीही चार शब्द लिहा, असे कार्यकर्त्यांनी सांगितले. आम्ही गिरणी कामगार. शाळा थोडी, वाचन पाळी सुटल्यावर जमेल तसे. तरी चूकभूल द्यावी घ्यावी.

भीमजयंतीला पेशवाईवर छोटे नाटक बसवायचे ठरले. पेशवा, शास्त्री, कोतवाल व्हायला पोरांची रीघ लागली. गळ्यात गाडगे नि कमरेला झाडू बांधायला मात्र कोणी पुढे येईना. एकाला कसेबसे तयार केले, तर त्याची आई विहारात येऊन म्हणाली, "आजवर बांधलं ते कमी झालं का? आता नाटकात बी पोराच्या गळ्यात बांधता?" आम्ही गप्प झालो.

गाडगे-झाडू खोटे नाही. परमपूज्य बाबासाहेबांनी १९३६ साली जातिनिर्मूलनावरच्या ग्रंथात पुण्याच्या पेशवाईतला हा जुलूम नोंदवला आहे. तो लपवायचा कसा? पण त्या माऊलीचा सवालही खराच. म्हणून आधीच्या नाटकांत काय केले आहे, ते आम्ही पाहू लागलो.

१९७२ साली पुण्यात विजय तेंडुलकरांचे 'घाशीराम कोतवाल' रंगभूमीवर आले. धर्म नि सत्ता एकमेकांना कशी पोसतात, हे त्यात उघडे पडते. रंगमंचावर ब्राह्मणांची मानवी भिंतच उभी राहते. नाना फडणवीसांची नि ब्राह्मणांची बदनामी झाली म्हणून गदारोळ झाला, प्रयोग थांबले, १९७४ साली पुन्हा सुरू झाले. वाद झाला तो नानांना कसे दाखवले यावर. त्या पुण्यातले महार, मांग कुठे गेले, हा सवाल आमच्या तरी कानावर आला नाही.

हा सवाल फार जुना आहे. १८५५ साली जोतीराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' नाटक लिहिले. त्यात जोशी धर्माच्या नावाने भोळ्या कुणब्याला नि त्याच्या गरोदर बायकोला लुबाडतो. पण शेवटी ते नवरा-बायको रडत बसत नाहीत, शिकायला निघतात. दक्षिणा प्राइझ कमिटीने हे नाटक नाकारले. ते छापून यायला १९७९ साल उजाडले.

त्याच १८५५ साली जोतीरावांच्या शाळेतली मांग समाजाची मुक्ता साळवे हिचा निबंध 'ज्ञानोदया'त छापून आला. वेद ब्राह्मणांचेच असतील, तर आमचा धर्म कोणता, असे त्या मुलीने विचारले. पेशवाईतले हालही तिने सांगितले. विचार करा, जिला अक्षराची बंदी होती तीच धर्मसत्तेला जाब विचारते आहे!

आणखी एक गोष्ट. २०१२ साली पुणे महानगरपालिका कामगार युनियनने गो. पु. देशपांडे यांचे 'सत्यशोधक' नाटक अतुल पेठे यांच्या दिग्दर्शनाखाली केले. त्यात महापालिकेचे सफाई कामगार नट म्हणून उभे राहिले. ज्यांच्या हाती रोज झाडू, त्यांच्याच तोंडी जोतीरावांचा इतिहास आला. याला म्हणतात प्रतिनिधित्व! नुसती वाकलेली पाठ दाखवली म्हणजे आपला माणूस दाखवला, असे होत नाही. त्याचे डोके नि त्याची जीभही दिसली पाहिजे.

उलट बाजूनेही खोटे नको. सदाशिव गोवंडे ब्राह्मण असून जोतीरावांच्या कामात होते. सगळेच ब्राह्मण एका माळेचे मणी दाखवले, तर तोही इतिहासावर अन्यायच. लढा माणसाशी नाही, धर्माच्या नावाने चालणाऱ्या सत्तेशी आहे.

मग आम्ही आमचे नाटक बदलले. गाडगे कोणाच्याच गळ्यात बांधले नाही, रंगमंचाच्या मधोमध ठेवले. मुक्ता झालेली पोरगी आधी आली, गाडग्याकडे बोट दाखवून बोलली, नि शास्त्रीबुवा निरुत्तर झाले. गाडगे त्याच माऊलीने घरून आणून दिले होते.

बंधू-भगिनींनो, पुढच्या जयंतीला नाटक बसवाल तेव्हा एवढे ध्यानात ठेवा. पोरांना सोसलेले दाखवा, पण विचारलेले आधी दाखवा.

जय भीम! नमो बुद्धाय!