बेळगाव उत्तरचे अण्णासाहेब लठ्ठे

आपल्या बेळगावात आमदारांची चर्चा निघाली की ती १९५७ पासून सुरू होते. समितीचा कोण, काँग्रेसचा कोण, कुणाला किती मते पडली, कुणाची अनामत गेली, हे आपल्याकडच्या जुन्या माणसांना तोंडपाठ असते. त्याआधीही या जिल्ह्यातून माणसे निवडून जात होती. ती बंगळूरला जात नसत, मुंबईला जात. त्यांपैकी एक जण मुंबई इलाख्याचा अर्थमंत्री झाला होता. आमच्या जैन घरांतून त्यांचे नाव आदराने घेतले जाते. बाहेर ते फारसे कुणाला ठाऊक नसते. अण्णासाहेब, म्हणजे अण्णा बाबाजी लठ्ठे, यांच्याबद्दल मी लिहितो आहे.

मी डॉक्टर आहे, इतिहासकार नाही. होमिओपॅथीत रोग्याचा पूर्वेतिहास नीट घेतल्याशिवाय औषध देऊ नये, असे आम्हाला शिकवतात. रोगी सांगतो ते ऐकायचे आणि तो टाळतो तेही टिपायचे. लठ्ठ्यांच्या बाबतीत आमच्या समाजाने काही गोष्टी टाळलेल्या आहेत. त्या मी टाळणार नाही.

लठ्ठ्यांचा जन्म १८७८ चा, कुरुंदवाडचा. एम. ए., एलएल. बी. झालेला जैन शेतकरी समाजातला तरुण त्या काळात बोटावर मोजण्याइतका. १८९९ साली निपाणीजवळच्या स्तवनिधीला दक्षिण महाराष्ट्र जैन सभा स्थापन झाली आणि तिच्या पहिल्या पिढीतल्या कर्त्या माणसांत ते होते. कोल्हापुरात राजाराम कॉलेजात ते इंग्रजी शिकवीत, पुढे संस्थानच्या शिक्षण खात्यात अधिकारी झाले. शाहू महाराजांनी जातवार वसतिगृहे काढण्याचे जे धोरण धरले, त्यातून उभ्या राहिलेल्या जैन बोर्डिंगची सूत्रे लठ्ठ्यांच्या हाती होती. वेदोक्ताचा वाद, १९०२ चा निम्म्या जागा राखून ठेवण्याचा जाहीरनामा, सत्यशोधक चळवळीचे कोल्हापुरातले पुनरुज्जीवन, या सगळ्या काळात लठ्ठे महाराजांच्या बाजूच्या सुशिक्षितांत होते.

आता टाळलेली गोष्ट. बोर्डिंगात भाऊराव पाटील नावाचा एक विद्यार्थी होता. अस्पृश्य मुलांसाठी निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला तो जाऊन आला. परत आल्यावर त्याने अंघोळ करून शुद्ध व्हावे, असे लठ्ठ्यांनी सांगितले. त्याने नकार दिला आणि त्याला बोर्डिंग सोडावे लागले. हाच मुलगा पुढे कर्मवीर झाला, त्याने १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. ब्राह्मण पुरोहिताची मक्तेदारी नको म्हणणारा सुधारक माणूस स्वतःच्या उंबरठ्यावर विटाळ मानत होता. आमच्या समाजातल्या व्याख्यानांत हा प्रसंग भाऊरावांच्या बाणेदारपणाची गोष्ट म्हणून सांगतात. पण ज्यांनी त्याला घालवले त्यांचे नाव त्या वेळी वक्ता हळू आवाजात घेतो. मी लहानपणी असे भाषण ऐकले आहे.

पुढचा प्रसंग तर कादंबरीत घातला तर खोटा वाटेल. १९१४ साली कोल्हापुरात राजघराण्याच्या पुतळ्यांना कुणीतरी डांबर फासले. तोवर लठ्ठे आणि दरबार यांच्यात बिनसले होते. संशय लठ्ठ्यांवर आणण्यात आला आणि त्यांच्याविरुद्ध खोटी साक्ष देण्यासाठी धरले कुणाला, तर याच भाऊरावांना. त्यांनी तुरुंगात मार खाल्ला, जीव द्यायचा प्रयत्न केला, पण साक्ष दिली नाही. ज्याने आपल्याला वसतिगृहातून काढले, त्याच्यासाठी. लठ्ठे कोल्हापूर सोडून बेळगावला आले आणि वकिली करू लागले. म्हणजे बेळगावला हा आमदार मिळाला तो डांबरामुळे.

इथून त्यांची निवडणुकीची कारकीर्द सुरू होते. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांप्रमाणे पहिली निवडणूक १९२० च्या अखेरीस झाली. असहकारामुळे काँग्रेसने तिच्यावर बहिष्कार टाकला होता. ब्राह्मणेतर पुढाऱ्यांनी मात्र ती लढवली. लठ्ठे आणि वालचंद कोठारी यांच्यासारखी मंडळी डेक्कन रयत असोसिएशनच्या वतीने आधीपासूनच म्हणत होती की कायदेमंडळात बहुजनांची माणसे गेलीच पाहिजेत. लठ्ठे दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळावर मुंबई इलाख्याच्या दक्षिण विभागातून निवडून गेले. त्या मंडळासाठी सगळ्या हिंदुस्थानात मतदार होते अवघे नऊ-दहा लाख. आज एका लोकसभा मतदारसंघात त्याहून जास्त असतात. काँग्रेस मैदानात नाही आणि मतदार मूठभर, तेव्हा हा विजय फार मोठा मानायचे कारण नाही. लठ्ठ्यांचे चाहते तो तसा मानतात. मला ती एक उघडी खिडकी वाटते. तिच्यातून जे आत जाऊ शकले त्यांत ते होते.

मुदत संपल्यावर ते बेळगावला परतले. १९२४ साली महात्माजींच्या अध्यक्षतेखाली इथे काँग्रेसचे अधिवेशन भरले, सारे शहर टिळकवाडीकडे धावत होते. त्याच वर्षी लठ्ठ्यांनी शाहू महाराजांचे दोन खंडांचे इंग्रजी चरित्र छापून प्रसिद्ध केले. ज्या राजाच्या दरबारामुळे परागंदा व्हावे लागले त्याचे पहिले मोठे चरित्र त्यांनी लिहिले आणि आजही शाहू महाराजांचा अभ्यास करणाऱ्याला ते उघडावेच लागते. त्यानंतर राजाराम महाराजांनी त्यांना कोल्हापूरचे दिवाण नेमले. सरकारने दिवाणबहादुर केले. संस्थानाचा दिवाण आणि इंग्रजांचा किताब, म्हणजे १९३० च्या कायदेभंगाच्या काळात हा माणूस कुठल्या बाजूला होता ते वेगळे सांगायला नको.

आणि तरीही १९३७ च्या फेब्रुवारीत ते काँग्रेसच्या तिकिटावर उभे राहिले!

हे कसे घडले? एक उत्तर असे की वारा फिरला तसे तेही फिरले. दुसरे उत्तर त्या काळच्या राजकारणात आहे. १९३० पासून केशवराव जेधे आणि त्यांचे सहकारी काँग्रेसमध्ये गेले होते, खेड्यातला कुणबी-मराठा त्यांच्या मागोमाग जात होता. मागे राहिलेल्या जुन्या ब्राह्मणेतर पक्षाचे साताऱ्याचे धनजीशा कूपर यांच्यासारखे पुढारी सरकारच्या आधारावर उभे होते. १९३७ च्या एप्रिलमध्ये काँग्रेसने मंत्रिपदे नाकारली तेव्हा कूपर यांनी अल्पमताचे मंत्रिमंडळ बनवले. ते जुलैपर्यंतच टिकले. लठ्ठ्यांना हे आधी दिसले असावे. मला दोन्ही उत्तरे खरी वाटतात.

त्या निवडणुकीची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. बेळगाव उत्तर हा एकाहून अधिक जागांचा मतदारसंघ होता. मुंबई इलाख्यात अशा ठिकाणी मतदाराला जागा असतील तितकी मते असत आणि ती सगळी एकाच उमेदवाराला द्यायचीही मुभा होती. त्यामुळे थोड्या संख्येचा पण एकजुटीचा समाज आपली सगळी मते एकावर टाकून माणूस निवडून आणू शके. डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाला याचा फायदा झाला आणि आपल्या जिल्ह्यातून त्यांचे बळवंतराव वराळे निवडून गेले. चिकोडी, अथणी, हुक्केरीकडच्या जैन शेतकऱ्यांनाही हे गणित कळणारे होते. शेतसारा भरणारा तोच मतदार आणि आमचे लोक पिढ्यान्‌पिढ्या शेतकरी. शिवाय या भागातला जैन घरात कानडी बोलेल किंवा मराठी, कधी सासर एक भाषेचे नि माहेर दुसरीचे. लठ्ठ्यांना मते मागताना दोन्हींकडे पायरी होती. आज आपल्याकडे उमेदवाराला पहिला प्रश्न भाषेचा विचारतात. तो विचारावा लागतो, का ते आपण सारे जाणतो. पण तेव्हा तो पहिला नव्हता.

मुंबईच्या विधानसभेत १७५ जागा होत्या. काँग्रेस निम्म्याच्या उंबरठ्यावर आली. जुलैत बाळासाहेब खेर यांनी सात जणांचे मंत्रिमंडळ बनवले. मुन्शी, मोरारजी देसाई, डॉ. गिल्डर, नुरी, एल. एम. पाटील आणि अर्थखाते लठ्ठ्यांकडे. मंत्र्यांनी पाचशे रुपये पगार घ्यायचे ठरवले. कायदेभंगात जप्त झालेल्या शेतकऱ्यांच्या जमिनी परत द्यायच्या, कर्जबाजारी शेतकऱ्याला दिलासा द्यायचा आणि दारूबंदी करायची. बोलणे सोपे, पैसा कुठून आणायचा ते या बेळगावच्या वकिलाने पाहायचे.

दारूबंदीचा भार सर्वांत मोठा. इलाख्याच्या तिजोरीत अबकारीचे उत्पन्न फार मोठे होते. मुंबई शहरात १ ऑगस्ट १९३९ पासून बंदी लागू झाली. तूट भरून काढण्यासाठी लठ्ठ्यांनी शहरी घरा-इमारतींवर भाडेमूल्याच्या दहा टक्के कर बसवला. मुंबईचे घरमालक खवळले. ताडी-दारूच्या धंद्यात असलेला पारशी समाज तर दुहेरी दुखावला. विरोधी बाकांवरून डॉ. आंबेडकरांचा सवाल वेगळा होता. शिक्षण आणि आरोग्याला पैसा नाही, मग दारूबंदीची एवढी घाई कशाला? मी रोज दवाखान्यात दारूने पोखरलेली यकृते आणि रडणाऱ्या बायका पाहतो, तरी आंबेडकरांच्या सवालाला मला सरळ उत्तर सुचत नाही. जैन म्हणून लठ्ठ्यांना मद्यत्याग मनापासून पटत असणार. अर्थमंत्री म्हणून त्यांनी नेहमीच्या उत्पन्नावर पाणी सोडून बलाढ्य शहरी घरमालकांकडून कर घेण्याची हिंमत दाखवली, हे मात्र मान्य करावे लागेल. त्यांचा मतदार खेड्यातला होता, हेही विसरू नये.

याच विधानसभेत १९३८ च्या एप्रिलमध्ये वेगळ्या कर्नाटक प्रांताच्या ठरावावर चर्चा झाली. आंबेडकरांनी त्याला विरोध केला. आपल्या गावाचे पुढे काय होणार, याची पहिली कुजबुज त्या सभागृहात झाली तेव्हा आपल्या जिल्ह्याचा माणूस मंत्र्यांच्या बाकावर बसला होता.

महायुद्धाच्या प्रश्नावर नोव्हेंबर १९३९ मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. सव्वादोन वर्षांचा कारभार. १९४६ ला खेर पुन्हा आले तेव्हा अर्थखाते वैकुंठभाई मेहतांकडे गेले. १९५० साली लठ्ठे वारले. सहा वर्षांनी बेळगाव म्हैसूर राज्यात गेले आणि मुंबईच्या विधानसभेत या जिल्ह्याची जागा उरली नाही. नंतरच्या लढ्यात लठ्ठ्यांचे नाव घेणे कुणाच्याच सोयीचे राहिले नाही. मराठीवाल्यांच्या यादीत ते समितीच्या आधीचे, कानडीवाल्यांच्या यादीत ते मुंबईचे, काँग्रेसवाल्यांना ते दिवाणबहादुर, सत्यशोधकांना ते काँग्रेसचे.

आपल्यापैकी कुणाच्या माळ्यावर १९३७ च्या प्रचाराचे एखादे पत्रक, सभेची हँडबिले, मतदारयादीचे पान असेल तर ते रद्दीत घालू नका. संस्थेच्या ग्रंथालयात आणून द्या. बेळगाव उत्तरमध्ये तेव्हा कुणी कुणाला सगळी मते टाकली, हे त्या कागदांवरूनच कळेल.