गणितज्ञाचें ग्रंथालय

इ. स. १९२४ च्या जानेवारींत मद्रास विश्वविद्यालयानें आपला पहिला ग्रंथपाल नेमला. त्या जागेवर आलेले शियाळी रामामृत रंगनाथन् हे ग्रंथविद्येचे नव्हेत, तर गणिताचे अध्यापक होते. शिकविणें सुटल्यावर रिकामपण त्यांना इतकें जड गेलें, कीं कांहीं दिवसांतच प्रेसिडेन्सी कॉलेजांत परत जाऊं द्यावें, अशी विनंति त्यांनीं केली. आधीं विलायतेस जाऊन ही विद्या शिकावी, मग मन रमलें नाहीं तर परतावें, अशी तडजोड निघाली.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत सेयर्स यांजपाशीं वर्गीकरण शिकत असतां त्यांना ड्यूई यांच्या दशमान पद्धतीचें न्यून दिसूं लागलें. ती पद्धतिही अमेरिकेंतील ॲम्हर्स्ट कॉलेजाच्या ग्रंथालयांत जन्मून १८७६ सालीं छापली गेली होती. तींत सर्व विद्यांचीं घरें आधींच आंखलेलीं. नवा विषय आला कीं तो कोठें तरी कोंबावयाचा. धर्माच्या वर्गांत तर ख्रिस्ती धर्माला सात दशकें आणि जगांतील उरलेल्या सर्व धर्मांना मिळून एक! वेद, त्रिपिटक व कुराण एकाच खणांत दाटीनें बसवावेत, हा न्याय मोठाच विचित्र.

अशांत तेथील एका मोठ्या दुकानांत त्यांनीं मेकॅनो नांवाचें खेळणें पाहिलें. पट्ट्या, सळ्या, चाकें व स्क्रू एवढेंच साहित्य. पण निराळ्या जुळणीनें त्यांतूनच निराळी वस्तु उभी राही. मग विषयही असेच कां जोडूं नयेत? फुप्फुसांच्या क्षयावरील उपचारांचा ग्रंथ आला, तर त्यासाठीं तयार घर शोधावयास नको. वैद्यक, फुप्फुस, क्षय व उपचार यांस आपापली खूण द्यावी आणि मध्यें विसर्गासारखीं दोन टिंबें ठेवून त्या खुणा सांधाव्यात. हीच द्विबिंदु पद्धति. १९२५ सालीं परततांना जहाजावरील ग्रंथसंग्रहावरच त्यांनीं ती पारखून पाहिली. छापून निघावयास मात्र १९३३ साल उजाडलें.

मद्रासेंत विद्यार्थ्यांना याहून मोठा वाटला तो दुसराच पालट. चिठ्ठी देऊन शिपायाची वाट पाहण्याऐवजीं ते स्वतः फडताळांपाशीं जाऊन ग्रंथ हातीं घेऊं लागले. ग्रंथ चोरीस जातील ही धास्ती अगदींच निराधार नसते. पण कुलुपांत वाळवीही लागतेच. १९३१ सालीं रंगनाथन् यांनीं ग्रंथालयशास्त्राचे पांच नियम ग्रंथरूपानें मांडले. ग्रंथ जपण्यापुरते नसून वापरण्यासाठीं असतात, हा त्यांतील पहिला. ऐकावयास सोपा, पण त्याच्यापायीं ग्रंथालयाच्या वेळा, जागा, बैठका, नोकर, सारेंच बदलावें लागतें.

१९५० सालीं ब्रिटनची राष्ट्रीय ग्रंथसूचि निघूं लागली, तिच्या विषयसूचींत त्यांचीच रीति उचलली गेली. स्वदेशांत मात्र दशमान पद्धतीच अधिक रुळली. १९५६ सालीं रंगनाथन् यांनीं ग्रंथालयशास्त्राच्या अध्यासनासाठीं मद्रास विश्वविद्यालयास एक लाख रुपये दिले. त्या अध्यासनास त्यांच्या पत्नी शारदा यांचें नांव आहे.