मागच्या आसनावरचा शिक्षक

उड्डाणाचा इतिहास बहुधा विक्रमांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. कोण प्रथम उडाले, किती अंतर गेले, याच्या नोंदी सहज सापडतात; उडायला माणसे शिकली कशी, हा प्रश्न मात्र मागे पडतो. तो प्रश्न आम्ही येथे मायक्रोलाइट या अतिशय हलक्या विमानाच्या निमित्ताने विचारात घेत आहोत.

मायक्रोलाइटचा एक रूढ प्रकार म्हणजे ट्राइक. वर कापडी त्रिकोणी पंख, त्याला टांगलेला तीन चाकांचा सांगाडा, पाठीशी इंजिन आणि एकामागे एक अशी दोन आसने. शिकवणीच्या वेळी सामान्यतः नवशिक्या पुढे बसतो, शिक्षक मागे. पंखाला जोडलेला आडवा दांडा पुढे ढकलला की विमानाचे नाक वर उचलले जाते व वेग घटतो. तो छातीकडे ओढला की नाक खाली येते व वेग वाढतो. जमीन अंगावर येऊ लागली की घाबरलेला माणूस दांडा पुढे ढकलू पाहतो. वेग आधीच कमी असेल, तर नेमक्या त्याच क्षणी पंखाचा आधार सुटतो. म्हणजे येथे जीव वाचवण्याची उपजत प्रेरणाच घातक ठरते. हे पुस्तकात वाचून कळते. हातांना मात्र ते हवेतच शिकावे लागते. म्हणून मागच्या आसनावरून दांड्यापर्यंत पोचू शकणाऱ्या दुसऱ्या हातांना महत्त्व आहे.

हे दुसरे हात ओटो लिलिएन्थाल यांच्यापाशी नव्हते. शरीराचा भार इकडेतिकडे सरकवून पंख वळवण्याची त्यांची रीत आजच्या ट्राइकशी नाते सांगते. कोणत्याही दिशेच्या वाऱ्यासमोर झेपावता यावे, म्हणून १८९४ साली त्यांनी बर्लिनजवळ लिश्टरफेल्ड येथे सुमारे १५ मीटर उंचीची टेकडी रचून घेतली. ९ ऑगस्ट १८९६ रोजी हवेत वेग हरपून ते कोसळले आणि दुसऱ्या दिवशी मरण पावले. इंग्लंडचे पर्सी पिल्चर त्यांना भेटले होते, त्यांच्या यंत्रावर सरावही करून गेले होते. पण यंत्र एकाच माणसाचे, तेव्हा गुरूने सोबत उडणे शक्यच नव्हते. १८९९ साली पिल्चरही अपघातात गेले.

विल्बर राइट यांनी १९०१ साली शिकागो येथील व्याख्यानात लिलिएन्थाल यांच्या पाच वर्षांतील प्रत्यक्ष हवेतल्या वेळेचा हिशेब मांडला. तो अवघा पाच तासांचा होता. सरावाला अवसरच नाही, हे दुखणे त्यांनी अचूक ओळखले. राइट बंधूंनी १९०८ साली आपल्या विमानात दोघांना बसण्याची सोय केली आणि पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये पो येथे विल्बर शिष्यांना सोबत घेऊन उडू लागले. फ्रेंच शाळांत मात्र दुसरी पद्धतही रुजली. पंख आखूड केलेल्या, जमीन न सोडणाऱ्या ‘पेंग्विन’ यंत्रात विद्यार्थ्याला एकट्याने धावपट्टीवर सोडायचे आणि पायरीपायरीने उडू द्यायचे. १९१७ साली गॉस्पोर्ट येथे रॉबर्ट स्मिथ-बॅरी यांनी दोन आसनांच्या शिक्षणाला शास्त्रशुद्ध रूप दिले. संकटापासून विद्यार्थ्याला दूर ठेवण्याऐवजी शिक्षकाच्या देखत त्याला संकटात नेऊन त्यातून बाहेर पडायला शिकवावे, ही त्यांची भूमिका होती. प्रश्न सुटल्यासारखा वाटला.

तो पुन्हा उभा राहिला १९७० नंतरच्या दशकात. हँग ग्लायडरला छोटे इंजिन जोडून जॉन मूडी यांनी १९७६ साली अमेरिकेत ऑशकॉश येथील मेळाव्यात उड्डाण करून दाखवले आणि स्वस्त उड्डाणाची लाट आली. १९८२ च्या अमेरिकी नियमाने २५४ पौंडांहून कमी वजनाच्या, एकाच आसनाच्या यंत्रांना परवान्याच्या अटीतून मुक्त केले. सामान्य माणसाला आकाश खुले करणारा हा नियम होता, हे नाकारता येत नाही. परंतु त्याच नियमाने नवशिक्याला लिलिएन्थाल यांच्या टेकडीवर परत नेऊन सोडले. आता ज्ञान उपलब्ध होते, शिक्षकही होते. यंत्रात त्यांना बसायला जागा नव्हती. पुढे केवळ शिकवणीसाठी दोन आसनी यंत्रांना सवलती द्याव्या लागल्या आणि २००४ च्या नव्या नियमांनी त्या शिक्षणाला रीतसर चौकट मिळाली.

स्वयंशिक्षिताचे आपल्याला मोठे आकर्षण असते. एकलव्याची कथा आपण निष्ठेची व पराक्रमाची म्हणून वाचतो. त्याचे एकटेपण त्याने निवडलेले नव्हते, ते त्याच्यावर लादले गेले होते, याचा विसर पडतो. उड्डाणाच्या इतिहासातही एकट्याने शिकणाऱ्यांच्या धाडसाला वंदन करताना, त्यांना सोबत का मिळाली नाही, हे विचारायला हवे. कधी ज्ञानच नव्हते म्हणून, तर कधी स्वातंत्र्याची व्याख्या करताना नवशिक्याचा विचार झाला नाही म्हणून.

शिक्षकाची खरी कसोटी अर्थात पुढेच असते. विद्यार्थी तयार झाला, असे वाटले की तो एके दिवशी खाली उतरतो. एका माणसाचा भार कमी झालेले विमान विद्यार्थ्याच्या अपेक्षेआधीच जमीन सोडते आणि अधिक वेगाने वर चढते. मागचे आसन त्या दिवशीही रिकामेच असते. पण पुढच्याच्या हातांना आता काय करायचे ते ठाऊक असते.