बालभाषेची अभ्यासपरंपरा आणि बडबडीचा प्रश्न

अर्भकाच्या उच्चारांत अर्थाचा आरंभ नेमका कोठे मानावयाचा, हा प्रश्न केवळ मानसशास्त्राचा नाही. ज्यूलिया क्रिस्तेवा यांनी १९७४ साली काव्यभाषेची मीमांसा करताना प्रतीकव्यवस्थेपूर्वीचा, लय व नाद यांचा एक स्तर कल्पिला आणि त्याच्या खुणा अर्भकाच्या ध्वन्यावर्तनांत पाहिल्या. या मांडणीच्या आधारे ‘बडबड म्हणजे भाषेबाहेरचा शुद्ध नाद’ असे गृहीत समीक्षेत पुष्कळदा वावरते. त्या गृहीताला इतिहास आहे.

बालभाषेच्या अभ्यासाचा आधुनिक आरंभ दैनंदिनीतून झाला. इपोलित तेन यांचा आपल्या कन्येच्या भाषाग्रहणावरील निबंध १८७७ साली ‘माइंड’ या नियतकालिकात इंग्रजीत आला. तो वाचून चार्ल्स डार्विन यांनी आपल्या मुलाविषयी ३७ वर्षांपूर्वी केलेल्या नोंदी त्याच नियतकालिकात प्रसिद्ध केल्या. वर्षाच्या सुमारास त्या मुलाने अन्नासाठी ‘मम’ हा शब्द स्वतःच घडविला आणि शेवटी प्रश्नार्थक हेल काढून तो वापरला, असे त्यांत नमूद आहे. सहजप्रेरित रडणेच हळूहळू, काही अंशी हेतुपुरस्सर, संज्ञापनाचे साधन बनते, असा डार्विन यांचा निष्कर्ष होता. म्हणजे त्यांच्या दृष्टीने नाद आणि शब्द यांत सातत्य होते.

हे सातत्य रोमान याकबसन यांनी तोडले. १९४१ साली उप्साला येथे प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या जर्मन ग्रंथात बडबड आणि भाषा यांच्यामध्ये स्पष्ट खंड मानला आहे. बडबडीत मूल वाटेल ते ध्वनी काढते; भाषेत शिरताना मात्र ती विपुलता गमावून ते व्यवच्छेदक विरोधांची व्यवस्था एका ठरावीक क्रमाने उभारते, अशी ही उपपत्ती. बालभाषेला तिने प्रथमच व्यवस्थेचा दर्जा दिला, हे तिचे मोठेपण; परंतु त्याची किंमत म्हणून बडबड व्यवस्थेबाहेर टाकली गेली.

पुढील संशोधनाने हा खंड टिकू दिला नाही. डी. के. ऑलर व सहकाऱ्यांनी १९७६ साली दाखविले की, बडबडीतील ध्वनींची निवड आरंभीच्या शब्दांतील निवडीशी जुळते. १९८४ साली बेनेदिक्त द ब्वासों-बार्दी व सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगांत फ्रेंच श्रोत्यांना आपल्या भाषेच्या परिसरातील बाळांची बडबड ओळखता आली. त्याच वर्षी जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांनी हिंदीतील दंत्य व मूर्धन्य ध्वनींचा भेद घेऊन केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. इंग्रजीभाषक घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हा भेद कळत होता. दहा ते बारा महिन्यांपर्यंत ती क्षमता बहुतांशी ओसरलेली दिसली. पहिल्या शब्दाच्या सुमारासच भाषेने कानाचा ताबा घेतलेला असतो.

मूल एकटे बोलत नाही, या बाजूकडे लक्ष वेधणाऱ्या लेखनात मराठीला मानाचे स्थान आहे. १९६४ साली चार्ल्स फर्ग्युसन यांनी बाळांशी बोलण्याच्या सहा भाषांतील रीतींची तुलना केली. त्यांत मराठी होती. त्याच वर्षी अशोक केळकर यांनी ‘वर्ड’मध्ये मराठीतील या बोलीचे स्वतंत्र वर्णन केले. मंमं, भूर, जोजो, बाऊ हे शब्द मुलाने निर्मिलेले नसून पिढ्यान्‌पिढ्या मोठ्यांनी जपलेले आहेत. त्यांना संकेत आहे आणि परंपराही आहे.

तेव्हा बडबडीला भाषेबाहेरच्या मुक्त नादाचे प्रमाण मानणारी समीक्षा ज्या खंडाचा आधार घेते, तो खंडच संशयास्पद आहे. काव्यातील नादाचे महत्त्व यामुळे उणावत नाही. मात्र त्याचा उगम संकेताच्या अभावात न शोधता संकेत आत्मसात होण्याच्या प्रक्रियेत, म्हणजेच बोलणारा आणि ऐकणारा यांच्यामध्ये, शोधावा लागेल.