‘फकिरा’तील गावे आणि सरकारी वही

येरुशलेमहून यरीहोकडे उतरणाऱ्या वाटेचा दाखला प्रभू येशूने सांगितला, तेव्हा ती वाट लुटारूंची आहे हे श्रोत्यांना वेगळे सांगावे लागले नाही. ‘शोमरोनी’ हा शब्द कानी पडताच त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या असतील. आपल्याला मात्र ती वाट आणि तो दुरावा धर्मगुरूंच्या प्रवचनातून समजून घ्यावा लागतो. शाहीर अण्णाभाऊ साठे यांची ‘फकिरा’ ही कादंबरीही अशाच जाणत्या श्रोत्यांना समोर ठेवून लिहिलेली आहे. पण तिच्यातील गावे आपल्या उंबऱ्याबाहेरचीच आहेत.

पलूसहून पश्चिमेस जाऊन कृष्णा ओलांडली की वाळवा तालुका लागतो. त्याच तालुक्यातील वाटेगावी १ ऑगस्ट १९२० रोजी अण्णाभाऊंचा जन्म झाला. कादंबरीतील वाटेगाव ते हेच, आणि वारणाकाठचे शिगावही नकाशावर आहे. ज्या गावी जोगिणी, त्या गावी जत्रेचा मान. म्हणून फकिराचा बाप राणोजी शिगावची जोगिणी उचलून आणतो. ती नेणारा आपल्या गावाच्या शिवेत पोहोचला की त्याच्यावर शस्त्र उचलायचे नाही, असा दोन्ही बाजूंनी पाळायचा दंडक होता. शिगावचा खोत तो मोडतो आणि राणोजी मारला जातो. परक्या वाचकाला हा केवळ साहसप्रसंग वाटेल. शीव म्हणजे काय हे जाणणाऱ्या आपल्याकडच्या शेतकऱ्याला मात्र येथे कायदा कोणी मोडला हे तत्काळ कळते. पुढील साऱ्या कथेचा न्याय या एका प्रसंगात आधीच ठरून गेला आहे, असे मला वाटते.

फकिरा हा अण्णाभाऊंच्या नात्यातलाच पुरुष. बेडसगावचा सरकारी खजिना लुटल्यावर त्याने नवजात तुकारामाच्या, म्हणजे अण्णाभाऊंच्या घरी ओंजळीने सुरती रुपये दिले, अशी आठवण सांगितली जाते. कादंबरीतही हा खजिना आहे. दुष्काळात उपाशी माणसांसाठी फकिरा लुटीला निघतो, आणि शेवटी सरकारने ओलीस धरलेल्या आपल्या माणसांसाठी स्वतः होऊन हजर होतो.

१९५९ साली, जिल्ह्याचे नाव अद्याप ‘दक्षिण सातारा’ असताना, ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तेव्हा खजिन्याच्या लुटीचे वर्णन वाचून कुंडलच्या माणसाला आणखी काही आठवले असणारच. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारातील कुंडलच्या तरुणांनी ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ रेल्वे अडवून सरकारी पैसा घेतला होता. १४ एप्रिल १९४४ रोजी जी. डी. बापू लाड व त्यांच्या साथीदारांनी धुळे जिल्ह्यात चिमठाण्यापाशी सुमारे साडेपाच लाखांचा खजिना हस्तगत केला. त्या लुटीला लोकांनी स्वातंत्र्यलढा म्हटले. मग फकिराच्या लुटीला दरोडा का म्हणावे? अण्णाभाऊ हा प्रश्न उघड विचारीत नाहीत, आणि तेच बरे केले.

दरोडा म्हणण्याचे कारण सरकारी वहीत होते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. नावे नोंदविणे आणि हजेरी देणे त्यातूनच आले. ‘फकिरा’त मांग समाजाच्या पाठीस लागलेली हजेरी ही लेखकाची कल्पना नव्हे. ख्रिस्ती वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. साल्वेशन आर्मीसारख्या ख्रिस्ती संस्थांनीही या कायद्याखालील वसाहती चालविल्या. हेतू सुधारणेचा होता. पण वही सरकारचीच होती. महाराष्ट्रातील अनेक ख्रिस्ती कुटुंबांचे पूर्वज महार व मांग समाजांतून आलेले, हे लक्षात घेता ही कथा परक्यांची म्हणून वाचताच येत नाही.

कादंबरीला वि. स. खांडेकरांची प्रस्तावना आहे आणि ती अर्पण केली आहे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीस. तलवारीच्या कथेला लेखणीची अर्पणपत्रिका! १९६१ साली राज्य शासनाने तिला पुरस्कार दिला. जन्माने गुन्हेगार ठरविणारा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला होता. त्याच्या जागी जन्माऐवजी व्यक्तीच्या शिक्षा मोजणारा, पण पुन्हा नोंदवही ठेवणारा मुंबई सराईत गुन्हेगार कायदा आला, तो ‘फकिरा’ प्रसिद्ध झाली त्याच १९५९ साली.